कीचकवधाचे मूकरूप : ‘सैरंध्री’ आणि मराठी रंगभूमी

मंडईत गाडी लावायला जागा शोधणारा पुणेकर ‘आर्यनला लावली’ असे सहज म्हणून जातो. हे आर्यन म्हणजे एके काळचे थिएटर होते, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. गंगाधर नरहर पाठक यांनी १९१५ मध्ये सुरू केलेले ‘आर्यन सिनेमा’ १९८३ मध्ये बंद झाले. इमारत गेली, नाव मात्र वाहनतळाला चिकटून राहिले. या आर्यनमध्ये ७ फेब्रुवारी १९२० रोजी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट झळकला. त्याचे नाव ‘सैरंध्री’, दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कथेचा आधार होता कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येते आणि बहुधा तिथेच संपते.

मला ती तिथे संपवता येत नाही. ‘कीचकवध’ हे १९०७ साली रंगभूमीवर आलेले गद्य नाटक. त्याचे सारे बळ बोलण्यात. त्या बोलण्यापायीच १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे दहा वर्षांनी तीच कथा पुण्यात पुन्हा आली ती एकही शब्द न बोलता. ज्या नाटकाचा गुन्हा बोलणे हाच होता, त्याचे बोलणे काढून घेतल्यावर काय उरते? जे उरले ते नाटकाचे रूपांतर म्हणावे, की नुसती महाभारतातली एक गोष्ट? आणि उरले ते निरुपद्रवी होते, तर टिळकांना त्यात ‘केसरी’ कुठे दिसला? या प्रश्नांच्या मागे जाताना नाटकावरून मूकपट करण्याच्या एकूण व्यवहाराकडेच वेगळ्या नजरेने पाहावे लागेल असे मला वाटू लागले. ती नजर या लेखात मांडतो.

१

नाटकाचे मूकपट करण्याची हौस जगभर सिनेमाच्या जन्माबरोबरच आली. १८९९ मध्ये लंडनमध्ये बीरबोम ट्री यांच्या ‘किंग जॉन’मधील प्रसंग चित्रित झाले. राजाच्या मरणाचा तुकडा आजही पाहायला मिळतो. विष चढलेला राजा खुर्चीत तडफडतो आहे, तोंड हलते आहे आणि शेक्सपिअरची एकही ओळ ऐकू येत नाही. १९०० मध्ये पॅरिसमध्ये सारा बर्नहार्टने हॅम्लेटचे द्वंद्वयुद्ध कॅमेऱ्यासमोर केले. हॅम्लेट म्हटले की आपल्याला स्वगत आठवते. पण कॅमेऱ्याने निवडली ती तलवारबाजी. ही निवड अपरिहार्य होती. स्वगताला मूकपटात जागा नाही, तलवारीला आहे. १९०८ मध्ये ‘फिल्म द आर्त’ या फ्रेंच कंपनीने प्रतिष्ठित नटांना घेऊन ‘ड्यूक ऑफ गीजचा खून’ पडद्यावर आणला आणि सिनेमाला सभ्य माणसांच्या बैठकीत आणल्याचे श्रेय मिळवले. पुढच्या पिढीच्या समीक्षकांनी याच कंपनीला ‘चित्रित नाटक’ म्हणून नाके मुरडली.

आपल्याकडे कलकत्त्यात हीरालाल सेन यांनी क्लासिक थिएटरच्या नाटकांतले प्रवेश चित्रित केले. त्यांत ‘अलिबाबा’ होते. हे सारे काम १९१७ च्या आगीत गेले. मुंबईत १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामराव कीर्तिकरांच्या ‘पुंडलिक’ नाटकाचे चित्रण केले. नट श्रीपाद संगीत मंडळीचे, जागा ग्रँट रोडची मंगळदास वाडी, कॅमेरा चालवणारा जॉन्सन नावाचा साहेब. १८ मे १९१२ रोजी ते कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवले गेले. तिथेच पुढल्या वर्षी ३ मे रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि ‘पहिला भारतीय चित्रपट’ हा मान त्याला मिळाला.

‘पुंडलिक’ला हा मान का नाही, याची ठरलेली कारणे तीन : कॅमेरामन परदेशी होता, फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवली होती, आणि ते नाटकाचे नुसते चित्रण होते. पहिली दोन कारणे कारखानदारीची आहेत, त्यांचा वाद मी इथे घालत नाही. तिसरे कारण मात्र समीक्षेचे आहे आणि ते मला पटत नाही. ‘नुसते चित्रण’ असे काही असते, या समजुतीवर ते उभे आहे. संगीत मंडळीच्या नाटकातून संगीत काढून घेतले की जे राहते ते ‘नुसते’ कसे? नाटकाचे हाडच त्यातून गेलेले असते. प्रेक्षकापुढे येते ते एक निराळे प्रकरण, ज्यात तोच नट आहे, तोच पोशाख आहे आणि तरी सर्वांत ओळखीची गोष्ट जागेवर नाही. कॅमेरा एका जागी उभा असला तरी मोठा बदल घडून गेलेला असतो. तो बदल कॅमेऱ्याच्या हालचालीत शोधत राहिल्याने आपल्याला दिसत नाही.

२

मराठी रंगभूमीच्या बाबतीत तर हा बदल अधिकच मोठा आहे. आमची रंगभूमी कानाची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले, तेव्हापासून नाटकाला ‘जाणे’ म्हणजे पदे ऐकायला जाणे असा अर्थ रूढ झाला. गद्य नाटकवाल्यांचीही भिस्त कानावरच. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, करत तेव्हा लोक त्यांचा आवाज ऐकायला येत. महाराष्ट्र नाटक मंडळी ही पुण्याची गद्य नाटकांची कंपनी. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ तिने केले ते वक्तृत्वाच्या जोरावर.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या रंगभूमीची एक विचित्र फाळणी झाली. तिचा गळा ग्रामोफोनच्या तबकडीवर गेला आणि तिचा देह सिनेमाच्या पट्टीवर गेला. बालगंधर्वांचे पद घरात वाजू लागले, पण त्यात बालगंधर्व दिसत नसत. पडद्यावर द्रौपदी दिसू लागली, पण ती बोलत नसे. नाटक्याला एकत्र सापडणाऱ्या या दोन गोष्टी दोन यंत्रांनी वाटून घेतल्या. काळाने या वाटणीत मोठा पक्षपात केला. तबकड्या पुष्कळ टिकल्या, पट्ट्या जवळजवळ सगळ्या गेल्या. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पूर्ण वा तुकड्यांनी जे आहेत, त्यांची यादी एका पानात मावते. त्यात फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आहे, बाबूराव पेंटरांच्या ‘मुरलीवाला’चे तुकडे आहेत. ‘सैरंध्री’ नाही.

म्हणजे मी ज्या चित्रपटावर लिहितो आहे तो मी पाहिलेला नाही आणि कोणी पाहू शकणार नाही. तरी त्यावर समीक्षा लिहिता येते का? माझ्या मते येते, पण ती पडद्यावरच्या चौकटींची होऊ शकत नाही. ती निवडींची समीक्षा होते. काय घेतले, काय टाकले, नाव काय दिले, काम कोणाला दिले आणि सरकारने कशावर बोट ठेवले. या पाच गोष्टी आपल्याला माहीत आहेत आणि त्या पुरेशा बोलक्या आहेत.

३

नावापासून सुरुवात करू. नाटकाचे नाव ‘कीचकवध’, चित्रपटाचे ‘सैरंध्री’. बंदी असलेल्या नाटकाचे नाव कोणी भिंतीवर चिकटवणार नाही, हे व्यवहारी कारण उघड आहे. पण नाव बदलले की गोष्टीचे केंद्रही बदलते. ‘कीचकवध’ हे नाव एका घटनेचे आहे. प्रेक्षक थिएटरात शिरतो तेव्हाच त्याला शेवट ठाऊक असतो आणि तो त्या वधाची वाट पाहत बसतो. ‘सैरंध्री’ हे नाव एका बाईचे आहे, तेही खोटे. द्रौपदी विराटाच्या घरी राणी सुदेष्णेची वेणीफणी करणारी दासी म्हणून, नाव लपवून राहते आहे. पाच नवरे त्याच घरात आहेत आणि कोणी तिला आपली म्हणू शकत नाही.

खाडिलकरांच्या नाटकात या बाईपेक्षा तिच्यावरून होणारा वाद मोठा. कंकभट्टाच्या वेषातला धर्मराज म्हणतो, मुदत संपू द्या, नियम मोडू नका. बल्लव झालेला भीम म्हणतो, अपमान आज झाला आहे, त्याचा निकाल आज लागला पाहिजे. १९०७ च्या प्रेक्षकाला यात मवाळ आणि जहाल ऐकू आले नसते तरच नवल. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेला काँग्रेस फुटली. कीचकात लोकांनी कर्झन पाहिला, द्रौपदीत देश. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाची नोंद नेमकी याच अर्थाने घेतली. सरकारचे वाचन चुकीचे होते असे म्हणण्यात अर्थ नाही. सरकारने नाटक बरोबर वाचले, म्हणूनच त्यावर बंदी आली.

आता हा वाद मूकपटात कसा न्यायचा? दोन पात्रे समोरासमोर उभी राहून धोरणाची चर्चा करतात, हे मूकपटाचे सर्वांत नावडते दृश्य. पाट्या टाकता येतात, पण पाटीवर मावतात दोन ओळी, आणि त्या काळी पाटी वाचता न येणारा प्रेक्षक थिएटरात मोठ्या संख्येने असे. कोणीतरी पुढे बसून ती मोठ्याने वाचून दाखवी. अशा माध्यमात कंकभट्टाचा युक्तिवाद टिकत नाही. भीमाचा मात्र टिकतो, कारण तो मुळात युक्तिवाद नव्हेच, तो हात आहे. मूकपट जातीनेच भीमाच्या बाजूचा होता. तोंडातले काढून घ्या आणि सैरंध्रीची विटंबना व कीचकाचा शेवट तेवढा ठेवा, की मधला सबुरीचा पक्ष आपोआप गळून पडतो. खाडिलकरांनी निदान दोन्ही बाजू मांडल्या होत्या. ‘सैरंध्री’ला तीही सोय नव्हती.

हे कोणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. बाबूराव राजकारणी नव्हते, चित्रकार होते. पण माध्यम स्वतःचा पक्ष घेऊन येते, हे इथे स्पष्ट दिसते. मला वाटते हा ‘सैरंध्री’च्या वाचनातला कळीचा मुद्दा आहे. नाटकातले शब्द गेल्याने कथा सौम्य झाली नाही, ती अधिक एकेरी झाली.

४

याला पुरावा आहे, आणि तो सरकारनेच दिलेला आहे. ‘सैरंध्री’त भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतके रोकठोक होते की त्यावर कात्री चालली. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली १९२० मध्येच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे उभी राहिली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नाटकासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा होता आणि तो संहितेकडे पाहत होता. सिनेमाला संहिता नव्हती. सेन्सॉरला डोळे लावून बसावे लागे.

महाभारतातले मूळ वर्णन आठवा. रात्रीच्या काळोखात नर्तनशाळेत द्रौपदीच्या जागी भीम झोपला आहे. कामातुर कीचक येतो, चाचपडतो आणि त्याच्या हाताला बाईऐवजी मल्ल लागतो. शेवटी भीम त्याचे हातपाय धडात कोंबून मांसाचा गोळा करतो. विराटपर्वातला हा प्रसंग कीर्तनकाराच्या तोंडून ऐकताना श्रोते टाळ्या पिटत. तोच डोळ्यांपुढे घडताना सरकारला झेपला नाही.

दोन बंद्या शेजारी ठेवल्या की चित्र पूर्ण होते. १९१० मध्ये सरकारने बोलणे बंद केले, १९२० मध्ये करणे कापले. पहिल्या वेळी भीती होती ती रूपकाची : कीचक म्हणजे कोण, हे प्रेक्षकाला कळेल याची. दुसऱ्या वेळी रूपक उलगडून सांगणारे कोणी पडद्यावर नव्हते. तरीही राज्यकर्त्याचा मेहुणा एका आचाऱ्याच्या हातून चिरडला जातो, हे दृश्यच नको झाले. कीचक म्हणजे कर्झन हे समीकरणही तोवर जुने झाले होते. कर्झन १९०५ मध्येच गेला होता. पण एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग झाली होती आणि १९२० च्या फेब्रुवारीत माणसांना कीचकासाठी नवे चेहरे शोधायला लांब जावे लागत नव्हते. मूकपट कोणाचेच नाव घेत नव्हता, त्यामुळे ती जागा रिकामी होती. प्रेक्षक आपापला कीचक तिथे बसवू शकत होता.

इथे मला नाटकावरून केलेल्या मूकपटांविषयीची माझी मुख्य धारणा सांगता येते. मूक रूपांतरातले शब्द नाहीसे होत नाहीत, ते पडद्यावरून उठून प्रेक्षकात जाऊन बसतात. आर्यनमध्ये ‘सैरंध्री’ पाहणाऱ्यांत असे कितीतरी असणार ज्यांनी बंदीपूर्वी ‘कीचकवध’ पाहिले होते, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकले होते. ज्या माणसाला भाषणे आठवतात, त्याला पडद्यावर नुसते ओठ हललेले पुरतात. सरकारने छापील प्रती उचलल्या, प्रयोग थांबवले, पण लोकांच्या आठवणीतली संहिता जप्त करता आली नव्हती. त्या संहितेवर हा चित्रपट चालला. टिळकांना त्यात जे दिसले ते याच अर्थाने. खाडिलकर हे ‘केसरी’च्या संपादनातले त्यांचे सहकारी. नाटक त्यांच्या ओळखीचे होते. मुका पडदा त्यांना मुका वाटण्याचे कारणच नव्हते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला टिळक गेले.

याची एक कडू बाजूही आहे. ज्या रूपांतराचा अर्धा भाग प्रेक्षकाच्या आठवणीत असतो, ते दोनदा हरवते. एकदा पट्टी नष्ट होते तेव्हा, आणि एकदा ती आठवण असलेली शेवटची माणसे जातात तेव्हा. उद्या कुठल्या जुन्या पेटीत ‘सैरंध्री’चे एखादे रीळ सापडले तरी आर्यनमधला चित्रपट परत येणार नाही. आपण पाहू तो एका बाईचा छळ आणि एका पहिलवानाची मारामारी.

५

आता उरलेल्या दोन निवडी : काम कोणाला दिले, आणि मागे काय उभे केले.

बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे नामांकित पेंटर. रस्ता, जंगल, राजवाडा हे पडद्यावर रंगवून उभे करायचे, हा त्यांचा धंदा. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः जुळवला आणि गायिका तानीबाई कागलकरांच्या पैशावर कंपनी काढली. अशा माणसाने सिनेमा करताना रंगवलेला पडदा टाकून दिला आणि खऱ्या लांबी-रुंदी-खोलीचे सेट बांधायला सुरुवात केली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाटकाच्या पडद्याला शब्दांचा आधार असतो. नट ‘हा पहा राजवाडा’ म्हणाला की कापडाचा राजवाडा होतो. तो शब्द गेला की कापड कापडच राहते. नाटकाचा पडदा किती खोटा आहे हे तो रंगवणाऱ्याइतके कोणाला कळणार?

दृश्याचे वळण मात्र त्यांनी दुसरीकडून घेतले असणार. कीचक आणि सैरंध्री हा विषय रविवर्म्याने १८९० मध्ये रंगवला होता आणि रविवर्म्याच्या चित्रांचे छाप तोवर घरोघर लागले होते. रंगभूमीची पौराणिक वेषभूषाही त्याच वळणावर गेली होती. म्हणजे ‘सैरंध्री’ला आधार तिघांचा : व्यासांची कथा, खाडिलकरांचे नाट्य, रविवर्म्याचा रंग. यांपैकी ज्याला बोलावे लागते असा एकच होता, आणि मूकपटात मागे पडला तो तोच.

नटांची निवड त्याहून बोलकी आहे. १९२० मध्ये मराठी रंगभूमीवर द्रौपदी म्हणजे पुरुष. त्याच वर्षी खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ नाटक आले आणि त्यात द्रौपदी होते बालगंधर्व. मूकपटांनीही सुरुवातीला तीच रीत चालवली. ‘राजा हरिश्चंद्र’तली तारामती म्हणजे अण्णा साळुंखे, आणि ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आज पाहता येतो, त्यात हौदातल्या स्त्रियांचा प्रसंग आहे. ओल्या साड्यांतले ते पुरुष पाहताना आजचा प्रेक्षक हसतो. नाटकात कोणी हसत नसे, कारण तिथे गळा होता. बालगंधर्वांचे स्त्रीपण गळ्यात होते, लयीत होते, शालू सावरण्यात होते. मूक पडद्यावर स्त्रीपणाचा अर्धा आधार, म्हणजे आवाज, गेला आणि कॅमेऱ्याने हनुवटी जवळ आणली. फाळक्यांनी स्वतः १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना घेऊन मार्ग दाखवला होता.

‘सैरंध्री’त बाबूरावांनी स्त्रियांना घेतले : गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. सिनेमात काम केले म्हणून त्यांना समाजाने दूर लोटले आणि त्या स्टुडिओच्या आवारात राहू लागल्या. या माहितीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. नाव बदलून, आपल्या माणसांना दुरावून, परक्या आवारात राहणारी बाई हीच तर सैरंध्री. महाभारतातल्या द्रौपदीचा अज्ञातवास वर्षाचा होता आणि शेवटी तिला आपले नाव परत मिळाले. गुलाबबाईंचे नाव इतिहासात कंसात छापले जाते.

बालगंधर्वांची द्रौपदी थोर असेल, पण ती थोर होती कारण पाहणाऱ्याला ठाऊक होते की हे सोंग आहे. त्या द्रौपदीच्या विटंबनेने कोणा बाईच्या अंगाला धक्का लागत नव्हता. कॅमेऱ्यापुढे कीचकाने जिचा हात धरला ती खरी बाई होती आणि त्या भूमिकेची किंमत तिने पडद्याबाहेर मोजली. नाटकात द्रौपदी देशाचे रूपक होती. मूकपटात ती पहिल्यांदा बाई झाली. रूपांतराने केलेली ही सर्वांत मोठी भर, आणि तिचे श्रेय आपण दिग्दर्शकाच्या ‘धाडसा’ला देऊन मोकळे होतो.

६

आपल्याकडे ‘चित्रपट हे रंगभूमीचे अपत्य’ असे म्हणायची पद्धत आहे. १९२७-२८ मध्ये एक्सेलसियर कंपनीने काढलेले ‘दिल फरोश’ आणि के. बी. आठवल्यांचे ‘खून-ए-नाहक’ हे शेक्सपिअरचे मूकपट पारशी रंगभूमीच्या उर्दू नाटकांवरून आले, तेव्हा अपत्य कोणाचे याची वंशावळ बरीच गुंतागुंतीची होते. ‘सैरंध्री’पुरते बोलायचे तर मला हे नाते आई-लेकराचे वाटत नाही. वारसाहक्काच्या दाव्यासारखे वाटते. नाटकाने मागे ठेवलेल्या मिळकतीतून सिनेमाने आपल्या सोयीची चीज उचलली आणि उरलेली प्रेक्षकाच्या हवाली केली.

पुढे आवाज आला, तेव्हा वेगळे झालेले गळा आणि देह पुन्हा एकत्र येतील असे सर्वांना वाटले. १९३३ मध्ये प्रभातने पुन्हा ‘सैरंध्री’च काढली. दिग्दर्शक होते बाबूरावांच्याच कंपनीत घडलेले शांताराम. या वेळी बोलणे होते, गाणी होती, शिवाय रंग होता. रंगाचे काम जर्मनीत झाले आणि मनासारखे उतरले नाही. मराठी चित्रपटाने आवाज मिळाल्यावर आणि रंग मिळताना दोन्ही वेळा याच बाईकडे वळावे, यात त्या कथेची पकड दिसते. पण १९३३ च्या ‘सैरंध्री’ला कोणी ‘केसरी’ म्हटले नाही. तिला बोलता येत होते, त्यामुळे प्रेक्षकाने भरायची जागा तिच्यात उरली नव्हती.

आणखी चार वर्षांनी, १९३७ मध्ये, ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट आला. त्यात मीराबाई होते बालगंधर्व आणि दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर. १९२० मध्ये बाईची भूमिका बाईकडे नेणारा माणूस आणि बाईची भूमिका पुरुषाच्या गळ्याने अजरामर करणारा माणूस अखेर एका कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. गळाही होता, देहही होता. तरी ते जुळले नाही. पडदा गाजला नाही आणि बालगंधर्व रंगभूमीवर परतले. दोघांचे कौशल्य कमी पडले असे मी म्हणणार नाही. दरम्यानच्या सतरा वर्षांत प्रेक्षकाचा डोळा बदलला होता, आणि तो बदलण्यात ‘सैरंध्री’चा वाटा होता. बाबूरावांना स्वतःच्याच पहिल्या चित्रपटाने अडवले.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरून मंडईला यायला अर्धा तास लागत नाही. संग्रहालयात जे टिकले आहे ते जपण्याचे काम चालू आहे आणि ते मोलाचे आहे. पण पुणेकरांनी पाहिलेला ‘सैरंध्री’ डब्यात सापडण्यासारखा नव्हताच. त्याचा निम्मा भाग प्रेक्षक बरोबर घेऊन आले होते आणि बरोबरच घेऊन गेले. म्हणून नाटकांवरून केलेल्या मूकपटांचा इतिहास लिहायचा तर तो फिल्मच्या पट्ट्यांबरोबर नाटकांच्या बंद्या, कंपन्यांचे पडदे आणि नाव बदललेल्या बायका यांतून लिहावा लागेल. मंडईत कोणी ‘आर्यनला लावली’ म्हणाले की मला आता त्या वाक्यात एक नाव ऐकू येते. इमारत गेल्यावरही लोकांच्या तोंडात राहिलेले. ‘कीचकवधा’चे शब्दही दहा वर्षे असेच राहिले होते.